लॅपटॉप उघडला, पण पुस्तकातला नॉर्थब्रिज काही सापडेना

खटपट्या_०७:
नमस्कार मंडळी, डिप्लोमा कॉम्प्युटर, दुसरं वर्ष. आमच्या हार्डवेअरच्या पुस्तकात मदरबोर्डची एक आकृती आहे, वर सीपीयू, त्याच्याखाली नॉर्थब्रिज, त्याला रॅम आणि ग्राफिक्स चिकटलेलं, त्याच्याखाली साउथब्रिज आणि त्याला हार्डडिस्क, यूएसबी, साउंड, बायोस (चालू होताना पहिल्यांदा चालणारा प्रोग्राम) असं सगळं लटकलेलं. तोंडी परीक्षेला हे हमखास विचारतात असं सीनियर सांगतात. म्हटलं पाठ करण्यापेक्षा एकदा डोळ्यांनी बघू, म्हणून रविवारी माझा लॅपटॉप उघडला (इंटेलचा आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, २०१८ चा, ८ जीबी रॅमची एक पट्टी, शेजारचा स्लॉट रिकामा). आईला सांगितलं फॅन साफ करतोय, आणि केला पण, आतून धुळीची अख्खी गादी निघाली.

आता गंमत अशी की हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा भाग) काढला तर खाली एकच चिप. हिरव्या पाटीवर आरशासारखे दोन चकचकीत तुकडे, एक लांबट मोठा आणि बाजूला एक छोटा. बाकी बोर्डभर बारीकसारीक आयसी आहेत पण पुस्तकात दाखवलाय तसा मोठा नॉर्थब्रिज कुठंच नाही, साउथब्रिज पण नाही. मग हट्टाने कपाटातला बाबांचा २००७ चा कोअर टू ड्युओ उघडला, तर त्यात सीपीयू सोडून दोन मोठ्या चिपा आहेत, अगदी आकृतीसारख्या! म्हणजे माझ्या लॅपटॉपमध्ये ते ब्रिज गेले कुठे? आणि तो छोटा आरसा काय आहे?

उगाच_एक:
आधी हे सांग, हीटसिंक परत बसवताना नवीन थर्मल पेस्ट (चिपची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप) लावलीस का जुन्याच वाळलेल्या पेस्टवर दाबून बसवलास

खटपट्या_०७:
जुन्याच 😬

उगाच_एक:
झालं. मग नॉर्थब्रिज नंतर शोध, आधी पेस्ट आण.

बोर्डवाला:
पेस्टचं खरंय, ते आधी कर. लॅपटॉपच्या सीपीयूवर डेस्कटॉपसारखं वर धातूचं झाकण नसतं, सिलिकॉन उघडं असतं, तुला जो आरसा दिसला ना तोच खुद्द प्रोसेसर, पेस्ट नीट नसली तर १०० डिग्रीच्या जवळ जाऊन स्वतःचा वेग कमी करतो आणि मग लोक म्हणतात विंडोज हळू झालं. आणि बसवताना हीटसिंकवर स्क्रूशेजारी आकडे छापलेले असतात त्याच क्रमाने थोडं थोडं आवळ, एक कोपरा पूर्ण आवळून दुसऱ्याकडे गेलास तर उघड्या सिलिकॉनचा कोपरा उडतो, असे दोनतीन माझ्याकडे येऊन गेलेत.

आता तुझा प्रश्न. पुण्यात तापकीर गल्लीत बोर्ड रिपेअरिंगचं काम करतो, १४ वर्षं झाली, त्यामुळे तू जे दोन लॅपटॉप उघडलेस ते दोन्ही जमाने हाताखालून गेलेत. बाबांच्या लॅपटॉपमध्ये ज्या दोन चिपा दिसल्या त्यातली सीपीयूजवळची मोठी म्हणजे नॉर्थब्रिज, २००७ चा म्हणतोस म्हणजे बहुतेक ९६५ सिरीजची असेल, वर छापलेलं असतं वाचून बघ. दुसरी साउथब्रिज, तिच्यावर आयसीएच प्रकारातलं नाव असतं. हीटसिंकची तांब्याची नळी नीट बघ, ती सीपीयूवरून जाते तशी नॉर्थब्रिजवरून पण जाते, कारण तो पण तापायचा, ग्राफिक्स त्याच्याच पोटात असायचं ना. आणि अजून एक बघ, त्या जुन्यात सीपीयू सॉकेटमध्ये आहे, चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अर्धा फेरा फिरवला की उचलून हातात येतो. तुझ्या ८२५०यू मध्ये ते विसर, तो १३५६ शिशाच्या मण्यांवर बोर्डाला कायमचा सोल्डर केलेला आहे.

दोन्ही ब्रिज कुठे गेले म्हणशील तर तुझ्या त्या हिरव्या पाटीवरच आहेत. नॉर्थब्रिज मोठ्या आरशात विरघळला आणि छोटा आरसा म्हणजे साउथब्रिज. आता त्याला पीसीएच म्हणतात.

ठिपक्यांची_रांगोळी:
"शिशाच्या मण्यांवर" 🙂 दादा, आता लेड-फ्री असतात, शिसं कधीच गेलं.

बोर्डवाला:
बरोबर ताई, दुकानातली सवय. शिसं होतं तेव्हा रिबॉल (चिपखालचे मणी नव्याने बसवणं) पण सुखाने व्हायचं हे मात्र नोंदवून ठेवा.

ठिपक्यांची_रांगोळी:
नोंदवलं. मी चिप डिझाइनमध्ये आहे (बंगळुरू), तर ते ब्रिज आत का गेले एवढं सांगते, कारण पुस्तकं फक्त "आता इंटिग्रेटेड असतं" म्हणून मोकळी होतात.

बाबांच्या लॅपटॉपचंच घे. सीपीयूला रॅममधलं काही हवं असेल तर तो थेट रॅमशी बोलू शकत नाही, कारण मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी बोलणारा भाग, नॉर्थब्रिजमध्ये. मागणी फ्रंट साइड बसवरून नॉर्थब्रिजकडे जाणार, तो रॅमला विचारणार, उत्तर त्याच रस्त्याने परत. तो बस ८०० चा (सेकंदाला ८० कोटी खेपा) असेल तर एका खेपेला ८ बाइट्स, म्हणजे ६.४ जीबी पर सेकंद, यापुढे काही केलं तरी नाही. आणि त्याच लॅपटॉपमध्ये डीडीआर-टू ६६७ च्या दोन पट्ट्या मिळून १०.६ जीबी द्यायला तयार! म्हणजे विहिरीला पाणी भरपूर पण रहाट एकच. शिवाय प्रत्येक खेपेला मधल्या चिपचा उंबरठा ओलांडायचा, त्यात जो वेळ जातो तो वेगळाच, आणि बोर्डावरून लांब तारांमधून सिग्नल ढकलायला वीज लागते ती बॅटरीतनं जाते.

यावर धाडसी उपाय पीसीच्या दुनियेत एएमडीने केला, २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणि ॲथलॉन ६४ या प्रोसेसरमध्ये मेमरी कंट्रोलर थेट सीपीयूत घातला. इंटेलने तेच २००८ च्या नेहेलममध्ये केलं. लॅपटॉपात मजेशीर मधली पायरी आली, २०१० चे पहिले आय-थ्री आय-फाइव्ह, त्यात पॅकेज एक पण आत तुकडे दोन, एकात कोअर्स (खरी आकडेमोड करणारे भाग) आणि दुसऱ्यात मेमरी कंट्रोलर आणि ग्राफिक्स, म्हणजे नॉर्थब्रिजला घरात घेतला पण ओसरीवर बसवला. २०११ च्या सँडी ब्रिजमध्ये सगळं एकाच सिलिकॉनवर आलं. मग २०१३ ला हॅसवेलच्या यू सिरीजमध्ये पीसीएचचा तुकडा पण त्याच पाटीवर येऊन बसला, तुझा लॅपटॉप त्याच वंशातला. म्हणून तुझ्या बोर्डावर चिपसेट (म्हणजे हे दोन ब्रिज) नावाची वेगळी वस्तूच नाही. रायझनच्या (एएमडीच्या) बहुतेक लॅपटॉपात तर तो छोटा तुकडा पण वेगळा दिसत नाही, सगळं एकातच.

एक गोष्ट जी लोकांना माहीत नसते, तुझ्या ८२५०यू च्या मोठ्या तुकड्यातून पीसीआय एक्सप्रेसची (एसएसडी, वायफाय वगैरे जोडायच्या वेगवान रस्त्याची) एकही लेन बाहेर येत नाही. सगळ्या १२ लेन छोट्या तुकड्यातून निघतात, त्यामुळे एनव्हीएमई (पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी) एसएसडी, वायफाय, वेगळं ग्राफिक्स कार्ड असलं तर ते, यूएसबी, सगळ्यांची ये-जा त्या दोन आरशांच्या मधल्या एकाच दुव्यावरून. कोअर्सशी थेट सोयरीक फक्त रॅमची आणि डिस्प्लेची.

खटपट्या_०७:
ताई, दादा, लय भारी. आकृती परत काढली वहीत. दोन शंका. एक, रिकाम्या स्लॉटमध्ये अजून ८ ची पट्टी टाकली तर नुसती जागा वाढेल का वेग पण? दोन, बोर्डावर एक चौकोनी काळी चिप आहे, चारी बाजूंनी भरपूर पाय, कीबोर्डच्या पट्टीजवळ, आयटीई असं लिहिलंय. आणि तिच्या जवळच आठ पायांची एक बारकी. ह्या आकृतीत कुठेच नाहीत.

मधलाच_कोणीतरी:
रॅम टाक रे बिनधास्त, मी याच प्रोसेसरवर टाकली, फरक पडतो. डीडीआर-फोर २४०० सोडिम (लॅपटॉपची छोटी पट्टी), २६० पिनची. डीडीआर-थ्रीची स्वस्तात मिळाली म्हणून आणू नको, खाच वेगळ्या जागी असते, बसणारच नाही. आणि एसएसडी घेणार असशील तर एम-टूचा स्लॉट (एसएसडीची खाच) साटा (जुनी, हळू पद्धत) चालवतो का एनव्हीएमई का दोन्ही ते आधी बघ, माझा एक मित्र एनव्हीएमई घेऊन आला, बसली छान, स्क्रू पण लागला, फक्त लॅपटॉपला ती दिसतच नव्हती.

ठिपक्यांची_रांगोळी:
वेग पण वाढेल. ८२५०यू मधल्या मेमरी कंट्रोलरला दोन वाटा आहेत, एका २४०० च्या पट्टीवर १९.२ जीबी पर सेकंद, दोन पट्ट्या असल्या की ३८.४, अर्थात कागदावर. वर्ड, ब्राउझरमध्ये जागेचा फायदा कळेल, वेगाचा फारसा नाही. खरा फरक ग्राफिक्सला, कारण त्याला स्वतःची मेमरी नाही, ते तुझ्याच रॅममधून जेवतं. ८ च्या ऐवजी ४ ची टाकलीस तरी चालतं, मग पहिले ४ अधिक ४ दुहेरी वाटेने आणि उरलेले ४ एकेरी.

बोर्डवाला:
दुसऱ्या शंकेचं मी सांगतो, कारण आमचं निम्मं पोट त्या काळ्या चिपवर चालतं. ती ईसी, एम्बेडेड कंट्रोलर. लॅपटॉपचा वॉचमन समज. तुझा आय-फाइव्ह झोपलेला असतो तेव्हा पण हा जागा असतो. कीबोर्डचं बटण दाबलं ते ओळखणं, फॅन किती फिरवायचा, बॅटरी चार्ज करायची का नाही, झाकण मिटलं का, हे सगळं तो बघतो.

चार्जर लावलास की १९ व्होल्ट आत येतात, ते पहिल्यांदा चार्जिंग आयसीकडे, तिथून पुढे ३ आणि ५ व्होल्टचं स्टँडबाय (लॅपटॉप बंद असतानाही चालू राहणारी वीज) तयार होतं. ईसी उठून बसतो. तू पॉवरचं बटण दाबतोस ते ईसीला कळतं, प्रोसेसरला नाही. ईसी पीसीएचला सांगतो, पीसीएच उलट सिग्नल सोडतो की हां चला, मग एकामागून एक व्होल्टेज चालू होतात, रॅमचं १.२, शेवटी सीपीयूचं कोअर व्होल्टेज जे साधारण एक व्होल्टच्या आसपास पण करंट मात्र भरपूर. सगळं जागच्या जागी आलं की रीसेट सुटतो आणि मग कुठे सीपीयू त्या आठ पायांच्या बारक्या चिपमधून बायोस वाचायला लागतो. त्या चिपवर २५ क्यू ६४ किंवा १२८ असं काही लिहिलं असेल, ६४ म्हणजे ६४ मेगाबिट, ८ एमबी. एवढ्याशा जागेत अख्खा बायोस.

डेड लॅपटॉप आला की आम्ही ह्याच क्रमाने मीटर लावत जातो, कुठल्या पायरीवर अडलाय ते सापडलं की निम्मं काम झालं. बहुतेक वेळा प्रोसेसर बिचारा ठणठणीत असतो, कुठला तरी चार आण्याचा कपॅसिटर शॉर्ट झालेला असतो.

पण ताई म्हणाल्या ते सगळं आत गेल्याचा आम्हाला एक तोटा झाला. यूएसबीच्या पोर्टात पोरं काहीबाही खुपसतात, शॉर्ट होतो, साउथब्रिज जातो. पूर्वी ती एकटी चिप हॉट एअरने काढून दुसरी लावायचो. आता ती सीपीयूच्याच पाटीवर, म्हणजे बदलायचं तर प्रोसेसरसकट, आणि तो हिशोब ऐकला की गिऱ्हाईक म्हणतं नवीनच घेतो.

ठिपक्यांची_रांगोळी:
आणि रॅम पण चाललीय त्याच वाटेने. ॲपलच्या एम-वनमध्ये २०२० पासून ती प्रोसेसरच्याच पाटीवर, इंटेलने २०२४ च्या लुनार लेकमध्ये तेच केलं. तिथे रिकामा स्लॉट वगैरे प्रश्नच नाही.

खटपट्या_०७ तुला अजून एक गंमत. डिसेंबर २०२३ च्या कोअर अल्ट्रामध्ये इंटेलने एका सिलिकॉनचे परत तुकडे केले, कोअर्स एका तुकड्यात, ग्राफिक्स दुसऱ्यात, आणि मेमरी कंट्रोलर तिसऱ्याच तुकड्यात. म्हणजे तुझ्या पुस्तकातला नॉर्थब्रिज एक प्रकारे परत आलाय, फक्त आता बोटभर नाही तर केसभर अंतरावर.

खटपट्या_०७:
म्हणजे मी उत्तर काय लिहू परीक्षेत 😅

उगाच_एक:
पुस्तकातलं. मार्क सरांकडे आहेत, इंटेलकडे नाहीत.

खटपट्या_०७:
अपडेट: पेस्ट लावली, आकड्यांच्या क्रमाने स्क्रू आवळले. दुसरी ८ ची पट्टी टाकली, बँडविड्थ टेस्टमध्ये (रॅमचा वेग मोजणारी) आधी १७ जीबी पर सेकंदच्या आसपास यायचं ते ३१ वर गेलं. चालू करताना आधी पाच मिनिटं काळी स्क्रीन, घाम फुटला, नंतर कळलं पट्टी खटकन बसलीच नव्हती. बाबांचा कोअर टू ड्युओ पण चालू झाला, त्यातला सीपीयू काढून हातात घेऊन बघितला. आता तो परत कसा बसवायचा? एक पिन किंचित वाकडी दिसतेय.

बोर्डवाला:
हात लावू नको. घेऊन ये.