कट्ट्यावर बोलायचंय : परराष्ट्र धोरणात संसदेचं कितपत चालतं? काय वाचू?

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला एकजण बोलतो, या खेपेला माळ माझ्या गळ्यात. बँकेतून निवृत्त आहे, राज्यशास्त्राशी संबंध पेपरापुरता. वीस मिनिटं बोलायचंय आणि पहिल्या रांगेत दोन वकील बसतात. कुठून सुरुवात करू?

वाशीचा_विन्या
काका, एका वाक्यात उरका. करार सरकार करतं, खासदारांना पेपरातून कळतं. अमेरिकेत सिनेटची दोन-तृतीयांश मतं लागतात, आपल्याकडे तसं कलमच नाही.

नेरूळची_मेधा
विन्या, हे अर्धंच झालं. सही करायला संसद लागत नाही, पण करार राबवायला कायदा लागला की सरकारला सभागृहात यावंच लागतं (कलम २५३). आणि भूभाग द्यायचा तर थेट घटनादुरुस्ती. बेरुबारी प्रकरणात (बंगालमधला तो भाग पाकिस्तानला द्यायचा होता) सर्वोच्च न्यायालयाने १९६० मध्येच ते सांगितलं. म्हणून तर बांगलादेशबरोबरचा १९७४ चा सीमा करार पुरता मार्गी लागायला २०१५ उजाडलं, तेही १०० वी घटनादुरुस्ती करून. घोडबंदरकर, वकील मंडळी इथेच अडवतील, बेरुबारी नीट वाचून जा.

तुर्भे_एमआयडीसी
मी औषध कंपनीत आहे, त्यामुळे माझं मत पेटंट कायद्याला. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून औषधांना पेटंट देणं आपल्याला भाग होतं. सरकारने आधी वटहुकूम काढला. विधेयक संसदेत आलं तेव्हा सरकार डाव्यांच्या टेकूवर उभं होतं, त्यांनी दुरुस्त्या करवून घेतल्या. त्यातूनच कलम ३(डी) कडक झालं : जुन्याच औषधाचं नवं रूप आणलंत तर गुण वाढलाय हे दाखवा, नाहीतर पेटंट नाही. याच कलमावर २०१३ मध्ये नोव्हार्टिस कंपनी ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधाचा खटला सर्वोच्च न्यायालयात हरली. करार तोच, पण आपल्याकडे तो कसा लागू होणार हे सभागृहात ठरलं. काका, वीसातली दहा मिनिटं यालाच द्या. औषधांच्या किमती म्हटलं की कट्ट्यावर कुणी डुलक्या काढणार नाही.

न्हावाशेवा_सीएचए
आम्ही बंदरावर आयातीचा माल सोडवतो, आमच्याकडे नेमकं उलटं दिसतं. युएईबरोबरचा व्यापार करार १ मे २०२२ ला लागू झाला. शुल्कसवलत आली अधिसूचनेने, म्हणजे सरकारच्या नुसत्या जाहीर आदेशाने. आम्ही बिल ऑफ एंट्रीत (आयातीचा कस्टमचा अर्ज) तिचा नंबर टाकतो, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन (माल कुठल्या देशाचा त्याचा दाखला) जोडतो, माल सुटतो. करारावर मतदान झालंच नाही. अधिसूचना मागाहून सभागृहाच्या पटलावर ठेवतात, तेवढंच. हेही सांगा, नाहीतर भाषण एकांगी होईल.

वाशीचा_विन्या
बघा! तरी काका, नाट्य हवं असेल तर २२ जुलै २००८ घ्या. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी पाठिंबा काढला आणि सरकारने विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ असा जिंकला. करार मतदानाला नव्हता, सरकार होतं.

नेरूळची_मेधा
आणि खरी मेख पुढे, २०१० च्या अणुदायित्व कायद्यात (अणुअपघात झाला तर भरपाई कुणी द्यायची त्याचा कायदा). विरोधकांच्या रेट्यामुळे त्यात सदोष यंत्रसामग्री देणाऱ्या पुरवठादाराकडून भरपाई वसूल करायची सोय आली, आणि परदेशी कंपन्या बिचकल्या. जैतापूरचं नाव काढलंत की कोकणातली मंडळी कान टवकारतील.

वाचायचं म्हणाल तर परराष्ट्र व्यवहार स्थायी समितीचे अहवाल. लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० खासदार असतात, अहवाल संसदेच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, इंग्रजी-हिंदीत. डोकलामवरचा (२०१७ चा चीनबरोबरचा सीमेवरचा तंटा) २०१८ चा घ्या. शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात, पण प्रत्येकीवर काय केलं ते लेखी कळवावं लागतं आणि त्याचा वेगळा कृती अहवाल निघतो. सरकार कुठे 'नोंद घेतली' म्हणून सटकतं ते त्यात दिसतं. भाषणांपेक्षा मला हेच जास्त बोलकं वाटतं.

घोडबंदरकर
सगळ्यांचे आभार. बेरुबारी आणि ३(डी) पक्कं, युएईचं शेवटी. विन्या, २००८ वगळतोय. आमच्याकडे पक्षाचं नाव निघालं की चहा येईपर्यंत भांडणं चालतात. मेधाताई, डोकलामचा अहवाल अख्खा वाचू की नुसत्या शिफारशी?

नेरूळची_मेधा
शिफारशी वाचा, त्या ठळक अक्षरात असतात. चष्म्याला त्रास नको.