योजी यामामोतोंनी चित्रंही लावावीत का?

सदाशिव शिंजुकू

तोक्योच्या शिंजुकू भागात ऑपेरा सिटी नावाची उंच इमारत आहे. तिथल्या आर्ट गॅलरीत डिसेंबर २०१६ ते मार्च २०१७ या काळात फॅशन डिझायनर योजी यामामोतो आणि तरुण चित्रकार यूका असाकुरा यांचं एकत्रित प्रदर्शन होतं. कपडे होतेच, पण यामामोतोंनी स्वतः रंगवलेले कॅनव्हासही होते. मी तेव्हा या शहरात नवा होतो. बघून आलो, आणि तेव्हापासून जे डोक्यात कुरतडतंय ते आज इथे मांडतो.

माझं म्हणणं असं: त्या कॅनव्हासवर दुसऱ्या कुणाची सही असती, तर ते त्या भिंतीपर्यंत पोचले नसते.

ज्यांना यामामोतो माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १९४३, तोक्यो. वडील युद्धात गेले, आईने काबुकिचोमध्ये शिवणाचं दुकान चालवून मुलाला वाढवलं. मुलाने केइओ विद्यापीठात कायद्याची पदवी घेतली आणि वकिली करायची सोडून आईच्या दुकानात मदतीला बसला. नंतर बुन्का फॅशन कॉलेज. १९८१ मध्ये त्यांनी आणि दुसऱ्या जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांनी पॅरिसमध्ये आपले कपडे दाखवले. काळे, ढगळ, एका बाजूला कललेले, विरलेल्या कडांचे. तेव्हाच्या पॅरिसला अंगाला चिकटणारे चकचकीत कपडे हवे होते. काही समीक्षकांनी हेटाळणीने थेट हिरोशिमाचं नाव घेतलं.

हे कपडे नीट बघितलेत तर कळेल की हा माणूस अंग आणि कापड यांच्यात जी हवा राहते तिला आकार देतो. काळ्यात काळा मिसळून खोली आणतो. चित्रकाराची नजर म्हणतात ती हीच. २०११ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा कपडे काचेआड न ठेवता उघडे मांडले होते. काही तर संग्रहालयाच्या इतर दालनांत, जुन्या वस्तूंच्या शेजारी उभे केले होते. तिथे कॅनव्हासची गरज कुणाला भासली नाही.

मग चित्रं कशासाठी? यामामोतोंनी घरी खुशाल रंगवावं. पण सार्वजनिक गॅलरीची भिंत ही मर्यादित गोष्ट आहे. ती नावाला द्यायची की कामाला?

तिरपी कात्री

सदाशिवराव, धागा छान, मुद्दा कच्चा.

'सही दुसऱ्याची असती तर' हा निकष लावलात तर रवींद्रनाथही बाद होतात. त्यांचं चित्रांचं पहिलं प्रदर्शन मे १९३० मध्ये पॅरिसच्या पिगाल गॅलरीत झालं. वय ६९ होतं, चित्रकलेचं रीतसर शिक्षण नव्हतं आणि गॅलरी मिळवून द्यायला अर्जेंटिनाच्या लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पोंसारखी वजनदार मैत्रीण होती. नोबेल नसतं तर त्यांना पिगालमध्ये कुणी उभं केलं असतं का? नसतंच केलं. आणि तरीही आज आधुनिक भारतीय चित्रकलेबद्दल बोलताना त्यांना टाळता येत नाही. नावामुळे दार उघडलं, एवढ्यावरून आत काय होतं ते ठरत नाही.

दुसरं म्हणजे, मी कटिंग शिकवते. 'शिंप्याने शिंपीच राहावं' हा सूर मला लांबूनही ऐकू येतो. तुम्ही तो कौतुकात गुंडाळून दिलाय एवढंच.

नाना माटुंगेकर

दर्जीपणा सोडून चित्रं काढली तर लोकांना त्रास, चित्रं सोडून हॉटेल काढलं असतं तर सगळे रांगेत उभे राहिले असते.

सदाशिव शिंजुकू

@तिरपी कात्री, रवींद्रनाथांचं उदाहरण आणलंत ते बरं केलंत, कारण ते माझ्याच बाजूचं आहे. त्यांची चित्रं हस्तलिखितांतल्या खाडाखोडीतून उगवली. खोडलेल्या ओळींना जोडत जोडत विचित्र प्राणी आणि चेहरे तयार झाले. त्यांच्या गाण्यांतला प्रसन्न सूर त्या चेहऱ्यांवर अजिबात नाही. कवितेत जे मावत नव्हतं ते तिथे आलं. म्हणून ती चित्रं स्वतःच्या पायावर उभी राहतात. यामामोतोंच्या कॅनव्हासमध्ये असं काय आहे जे त्यांच्या एखाद्या कोटाच्या पाठीत नाही? मला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर सांगा, मी परत विचार करेन.

शिंप्याचा मुद्दा मात्र मला लावू नका. मी शिंप्याला चित्रकाराच्या वर बसवतोय.

कोरा कागद

सदाशिव यांना पूर्ण पाठिंबा, जरा कडवट कारणासाठी.

मी चित्रकार. मुंबईतल्या एका गॅलरीकडे अर्ज केला, यादीत नाव लागलं, वर्षं गेली. मध्ये एका नामांकित व्यक्तीचं 'छंद म्हणून' काढलेल्या चित्रांचं प्रदर्शन तिथेच थाटात झालं. उद्घाटनाला कॅमेरे, चित्रांसमोर कुणी नाही.

जपानमध्ये तरी वेगळं काय आहे? तोक्योच्या गिन्झा भागात भाड्याने मिळणाऱ्या गॅलऱ्यांची जुनी पद्धत आहे. नवा चित्रकार आठवड्याचं भाडं स्वतःच्या खिशातून भरतो, दिवसभर खुर्चीवर बसतो आणि नातेवाईक येण्याची वाट बघतो. त्या माणसाला जाऊन सांगा की नावामुळे फक्त दार उघडतं. त्याच्यासाठी दार हीच सगळी लढाई असते.

पैठणीचा पदर

इथे सगळे यामामोतोंवरच अडकलेत. मला डिझायनर केन्झो ताकादांचं उदाहरण जास्त बोलकं वाटतं.

हिमेजीचा मुलगा, जन्म १९३९. बुन्का कॉलेजने मुलग्यांना प्रवेश द्यायला नुकती सुरुवात केली होती, त्या पहिल्या काही मुलांपैकी एक. १९६५ मध्ये बोटीने मार्सेयला उतरून पॅरिस गाठलं. १९७० मध्ये तिथल्या गालेरी विव्हिएन या जुन्या छताच्या बाजारगल्लीत दुकान थाटलं, आणि सजावटीला पैसे नव्हते म्हणून भिंतींवर स्वतःच फ्रेंच चित्रकार आंरी रूसोच्या धर्तीचं जंगल रंगवलं. म्हणजे पॅरिसने त्यांचं पहिलं पाहिलं ते चित्रच, कपडे नंतर!

पुढचं महत्त्वाचं. १९९३ मध्ये त्यांनी कंपनी एलव्हीएमएच या बड्या समूहाला विकली आणि १९९९ मध्ये फॅशनमधून बाजूला झाले. 'केन्झो' हे त्यांचं स्वतःचं नाव, पण कपड्यांवर ते आता दुसऱ्याच्या मालकीचं होतं. २०१० मध्ये त्यांनी पॅरिसमध्ये चित्रांचं प्रदर्शन केलं. स्वतःचंच नाव बाजारात विकून बसलेल्या माणसाला अशी एक जागा हवी असणार, जिथे सही करायला कुणाची परवानगी लागत नाही. सदाशिव विचारतात की कपड्यात नसलेलं कॅनव्हासमध्ये काय आहे. केन्झोंच्या बाबतीत उत्तर सोपं आहे: मालकी.

ऑक्टोबर २०२० मध्ये करोनाने ते गेले. सदाशिव ज्या गॅलरीबद्दल बोलतायत, तिथेच २०२४ च्या उन्हाळ्यात त्यांचा मोठा आढावा मांडला होता.

सदाशिव शिंजुकू

तो आढावाही मी पाहिला. आणि लोक गर्दी करून कुठे उभे होते सांगू? वीस वर्षं जमवलेल्या फितींमधून शिवलेल्या त्या १९८२ च्या वधूवेषापाशी. मालकीचा मुद्दा माणसाबद्दल खूप सांगतो, हे मान्य. तो वाचून मला केन्झोंबद्दल माया वाटली. पण प्रेक्षक म्हणून मी भिंतीवर माया बघायला जात नाही.

उभा धागा

चर्चेत एक गृहीतक सगळ्यांनीच बिनबोभाट मान्य केलंय: चित्र एका घरात, कापड दुसऱ्या घरात. जपानबद्दल बोलताना तरी हे चालणार नाही.

ओगाता कोरिन (१६५८–१७१६) हे जपानी चित्रपरंपरेतलं केवढं मोठं नाव! त्यांचं घराणं क्योतोतल्या कापड व्यापाऱ्यांचं. राजघराण्यातल्या बायका तिथून वस्त्रं घेत. याच कोरिनने एदोतल्या (म्हणजे जुन्या तोक्योतल्या) एका लाकूड व्यापाऱ्याच्या पत्नीसाठी पांढऱ्या रेशमी कोसोदेवर, म्हणजे किमोनोसारख्या पोशाखावर, थेट कुंचल्याने शरदातली फुलं आणि गवत रंगवलं. तो पोशाख आज तोक्यो राष्ट्रीय संग्रहालयात आहे, महत्त्वाची सांस्कृतिक संपत्ती म्हणून. तो चित्र म्हणून मोजायचा की कपडा म्हणून?

आणि 'दुकानदारीने कला बाटते' असं म्हणणाऱ्यांसाठी: मित्सुकोशी हे डिपार्टमेंट स्टोअर १६७३ मध्ये किमोनोच्या कापडाचं दुकान म्हणून सुरू झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याच दुकानाने चित्रं विकायला घेतली. आजही तोक्योतल्या मोठ्या दुकानांच्या वरच्या मजल्यांवर चित्रप्रदर्शनं भरतात आणि खाली मोजे विकले जातात. कुणाला त्यात अवघडल्यासारखं होत नाही. अवघडलेपण आपलं आहे, युरोपकडून उसनं घेतलेलं.

कोरा कागद

कोरिन आधी चित्रकार होता, मग त्याने कपड्यावर काढलं. इथे गाडी उलट्या दिशेने चाललीय. आणि कोरिनला कोसोदे रंगवताना ब्रँडचं प्रसिद्धी खातं मदतीला नव्हतं.

उभा धागा

घराण्याचं दुकान होतं की! कोरिनने बापाचा पैसाही मनसोक्त उडवला. गरिबीतून वर आलेला चित्रकार हवा असेल तर तो नव्हे.

तिरपी कात्री

मला वाटतं खरा विरोधक अजून धाग्यावर आलाच नाही: खुद्द रेई कावाकुबो. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने त्यांच्यावर प्रदर्शन केलं. हयात डिझायनरला हा मान तिथे त्याआधी एकदाच मिळाला होता, १९८३ मध्ये फ्रेंच डिझायनर सँ लोराँ यांना. एवढं होऊनही बाई कायम सांगत आल्या की मी कलाकार नाही, माझं काम कपडे करून विकणं आहे. तिसरे जपानी डिझायनर इस्सेई मियाके यांचं उलटं बघा. वेताच्या कंचुकीचा त्यांचा पोशाख फेब्रुवारी १९८२ मध्ये 'आर्टफोरम' या कलेच्या मासिकाच्या मुखपृष्ठावर आला, आणि त्यांनी एकही कॅनव्हास न रंगवता तो वाद तिथेच निकालात काढला.

म्हणजे तिघांनी तीन वाटा घेतल्या. एकीने 'कलाकार' हा शब्दच झिडकारला, एकाने कपड्यालाच तिथे नेऊन बसवलं, आणि यामामोतोंनी सरळ कुंचला उचलला. मला तिसरी वाट सगळ्यात धाडसाची वाटते. कपड्यात नाव कमावलेला सत्तरी ओलांडलेला माणूस, शेजारी त्याच्या निम्म्याहून कमी वयाची शिकलेली चित्रकार, आणि दोघांची चित्रं एकाच दालनात. तुलना होणार हे त्यांना कळत नसेल? फक्त नावावर मिरवायचं असतं तर एकट्याचं प्रदर्शन केलं असतं.

सदाशिव शिंजुकू

हा मुद्दा मी इतका स्पष्ट पाहिला नव्हता. पण मग तुलना होऊ द्या ना खरोखर! कपडे एका दालनात, चित्रं दुसऱ्या दालनात, पाट्यांवर नावं नकोत. तिथे कोणतं चित्र किती वेळ थांबवतं ते बघू. कपड्यांच्या मधोमध लावलं की चित्राला कपड्याची उधारी मिळते.

पैठणीचा पदर

आणि कपड्याला चित्राची मिळते. असाकुरांची चित्रं यामामोतोंच्या कपड्यांवरही उतरली आहेत. ती वेगळी कशी काढणार, उसवून?

उभा धागा

आपल्याकडचं एक आठवलं. चित्रकार प्रभाकर बरवे साठच्या दशकात सरकारी विणकर सेवा केंद्रात नोकरीला होते, काही वर्षं बनारसला. के. जी. सुब्रमण्यन, जेराम पटेल हे चित्रकारही या केंद्रांमध्ये काम करून गेले. हातमागासाठी नक्षी काढायची हा त्यांचा पगारी उद्योग. २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं, पण त्यांना 'कापडवाला चित्रकार' कुणी म्हणत नाही. चित्रकार कापडाकडे गेला की तो त्याचा पोटापाण्याचा टप्पा ठरतो, कापडवाला चित्राकडे आला की घुसखोरी. सदाशिव, दिशेचा हा फरक तुमच्या युक्तिवादात कुठे बसतो?

सदाशिव शिंजुकू

बरवे पाट्या झाकूनही ओळखू येतात, तिथे बसतो. यामामोतोंचा कोटही येतो. त्यांचा कॅनव्हास येतो का, एवढंच विचारतोय, आणि इतक्या प्रतिसादांत 'हो, येतो' असं कुणीही म्हटलेलं नाही.

तिरपी कात्री

कारण ते प्रदर्शन आमच्यापैकी कुणी पाहिलेलंच नाही, सदाशिवराव. फोटो असतील तर टाका.

नाना माटुंगेकर

पाट्या झाकून टाका म्हणजे झालं.