'ऐकणारे', 'पाळणारे' आणि 'आचरण करणारे' : याकोबाच्या पत्रातील तीन शब्दांविषयी

विचारणा (मालवण)

बायबलच्या नव्या करारातील याकोबाच्या पत्रात (1:22) देवाच्या वचनाप्रमाणे आचरण करणारे असा, केवळ ऐकणारे असू नका, असे सांगितले आहे. आमच्याकडे 'झील बापाशीचा ऐकता' म्हटले की मुलगा बापाच्या शब्दाबाहेर जात नाही, हाच अर्थ कोणीही घेईल. ऐकण्यातच करणे आले असेल, तर ऐकण्याला इथे कमी का लेखले आहे? शिवाय 'वचन पाळणारे' असा सुटसुटीत प्रयोग असताना 'आचरण करणारे' कशासाठी?

उत्तर (वसई)

आपण दिलेल्या वाक्यातील 'बापाशीचा' या षष्ठीतच उत्तर दडलेले आहे. मराठीत 'आईला ऐकले' म्हणजे तिचा आवाज कानावर पडला आणि 'आईचे ऐकले' म्हणजे तिने सांगितले तसे केले. माणसाचे ऐकता येते; पण रविवारच्या मिस्सेतले (चर्चमधील उपासनेतले) प्रवचन आपण नुसते 'ऐकतो', 'प्रवचनाचे ऐकतो' असे कोणी म्हणत नाही. याकोबाला नको आहे तो वचन ऐकणारा. ज्याने ते वचन उच्चारले त्याचे ऐकणारा नको, असे त्याने कुठेही म्हटलेले नाही. मूळ ग्रीकमध्ये त्याने वापरलेला 'अक्रोआतेस' हा शब्द व्याख्यानाला येऊन बसणाऱ्या श्रोत्यासाठीही रूढ होता. त्याच्या पूर्वजांच्या हिब्रू भाषेत मात्र 'शमा' या एकाच क्रियापदात ऐकणे आणि मानणे दोन्ही सामावतात, म्हणजे ती भाषा आपल्या मालवणीच्या बाजूने उभी राहते. नुसता श्रोता होऊन घरी जाता येते ही सोय ज्या भाषेत होती, त्या भाषेत लिहिताना त्याला 'केवळ' हा शब्द घालावा लागला.

(जाता जाता : 'आचरण करणारे' यासाठी त्याने योजलेला 'पोइएतेस' हा शब्द ग्रीकमध्ये कवीलाही लावतात, कारण कवी म्हणजे रचणारा, घडवणारा. प्रेषितांच्या कृत्यांत 17:28 येथे तो त्याच अर्थाने आला आहे.)

आपल्या म्हणींशी ताडून पाहिले म्हणजे याकोबाचा रोख अधिक स्पष्ट होतो. 'बोले तैसा चाले, त्याची वंदावी पाऊले' यात कसोटी बोलणाऱ्याची आहे. 'बोलाचाच भात, बोलाचीच कढी' यातही बोलणाराच सापडतो. उपदेशकाला जाब विचारण्याची ही सवय आपल्यात इतकी मुरलेली आहे की धर्मगुरू स्वतः सांगतात तसे वागतात का, याची चर्चा चर्चच्या पायरीवरच सुरू होते आणि त्या भरात बाकावर बसलेले आपण सगळे सुटतो. याकोब पहिल्या अध्यायात जाब विचारतो तो बाकावरच्यांना. श्रोत्यांसाठी आपल्याकडे 'पालथ्या घड्यावर पाणी' आहे खरे, पण ती म्हण इथे चालणार नाही, कारण पालथ्या घड्यात पाणी शिरतच नाही. याकोबाचा माणूस आरशात आपले तोंड पाहतो आणि तिथले ग्रीक क्रियापद नीट निरखून पाहण्याचे आहे, ओझरत्या नजरेचे नव्हे. त्याला सगळे दिसलेले असते, कळलेलेही असते. तो तिथून निघून जातो आणि लगेच आपण कसे होतो ते विसरतो. प्रवचन डोक्यावरून गेले अशी तक्रार करणाऱ्याला ही ओळ फारशी लागू पडत नाही. 'आज फादर फार छान बोलले' असे म्हणत बाहेर पडणाऱ्याला ती नेमकी लागू पडते.

आता 'वचन पाळणे'. हा प्रयोग बायबलमध्ये आहेच. लूककृत शुभवर्तमानात (11:28) देवाचे वचन ऐकणारे व पाळणारे धन्य म्हटले आहेत. अडचण आहे ती आजच्या वाचकाची. एरवीच्या मराठीत वचन पाळतो तो ते देणारा : मी शब्द दिला, मीच तो पाळला. संदर्भावाचून 'वचन पाळणारे' असे लिहिले तर बोलल्याप्रमाणे पैसे परत करणारा सज्जन गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. त्यातच बायबलच्या प्रत्येक ओळीलाही आपण वचनच म्हणतो. दुसरे असे की, पाळण्याचा संबंध आपल्याकडे पुष्कळदा वर्ज्य करण्याशी असतो. उपवास पाळतात, पथ्य पाळतात, सुतक पाळतात. उपवासकाळात शुक्रवारी मांस खाल्ले नाही की शुक्रवार पाळला गेला. याकोबाला मात्र काहीतरी करणे अभिप्रेत आहे आणि पुढच्या अध्यायात तो उदाहरणही तसेच देतो : अंगावर धड वस्त्र नसलेल्या, उपाशी भावाबहिणीला 'सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा' असे म्हणून वाटेला लावले तर त्याचा उपयोग काय? असे म्हणणाऱ्याने एकही नियम मोडलेला नाही. 'आचरण' या शब्दात 'चर्', म्हणजे चालणे, हा धातू आहे. म्हणून तिथे तोच शब्द बरा.

उपप्रश्न (रत्नागिरी)

आचरणावर इतका भार दिल्यास 'विश्वासाने तारण' या प्रेषित पौलाच्या शिकवणीला बाध येत नाही का? धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने याच कारणाने या पत्राला कमी लेखले होते ना?

उत्तर (वसई)

होय, 1522 च्या आपल्या जर्मन नव्या कराराच्या प्रस्तावनेत ल्यूथरने त्याला गवतकाडीचे पत्र म्हटले होते. परंतु नियमशास्त्र ऐकणारे नव्हे, तर त्याप्रमाणे आचरण करणारे नीतिमान ठरतील, हे रोमकरांस पत्रातील (2:13) वाक्य पौलाचेच आहे. शब्दांपुरते पाहिले तर दोघांत भांडण नाही. सिद्धांताचा वाद मोठा आहे आणि तो या चर्चेत मावणार नाही.

उपप्रश्न (मालवण)

याकोबाच्या पहिल्याच अध्यायाच्या 27 व्या वचनात शुद्ध धर्माचरण म्हणजे अनाथ व विधवा यांच्या संकटात त्यांचा 'समाचार घेणे' असे छापलेले आहे. आमच्या तरुण मंडळींना ते वाचताना हसू फुटले. हा शब्द बदलावा काय?

उत्तर (वसई)

हसू फुटणारच. आज 'चांगलाच समाचार घेतला' म्हणजे खरडपट्टी काढली. जुन्या मराठीतला खुशाली विचारण्याचा अर्थ आता 'समाचाराला जाणे' एवढ्यातच जिवंत राहिला आहे आणि तोही घरात मयत झाल्यावर. तरीही घाईने त्या जागी 'विचारपूस' घालू नये असे मला वाटते, कारण विचारपूस फोनवरूनही होते. मूळ ग्रीक क्रियापद जातीने जाऊन पाहणे व काळजी वाहणे या अर्थाचे आहे; बिशप या पदाचे ग्रीक नाव त्याच कुळातले.

आमच्या वसईच्या पाचूबंदरसारख्या कोळीवाड्यात समाचाराला जाणे म्हणजे काय, ते पावसाळ्यात कळते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात आणि ज्या घरातला कमावता खलाशी गेला आहे तिथे हे दोन महिने सर्वांत कठीण जातात. जाणारी बाई ओट्यावर बसून दोन शब्द बोलते, पण पिशवीतले तांदूळ आणि सुकट न बोलता आत ठेवते. छपरावरचे प्लास्टिक फाटले आहे का, हे ती येतानाच पाहून ठेवते. एखादा नाखवा थोरल्या मुलाला ऑगस्टपासून आपल्या बोटीवर घेण्याचे तिथेच कबूल करतो. 1833 मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेल्या संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीतही हाच परिपाठ आहे : मदत घरी जाऊन द्यायची, शक्यतो दोघांनी मिळून. वचन सांगायला कोणी गेलेले नसते आणि तरी 27 वे वचन घडलेले असते.

म्हणून शब्द बदलायचाच असेल तर 'त्यांच्या संकटात त्यांच्याकडे जाऊन त्यांचा सांभाळ करणे' असे लांबलचक लिहिले तरी चालेल, जाणे आणि सांभाळणे दोन्ही राहिले पाहिजे. 'भेट देणे' मात्र नको. पूर आल्यावर पुढारी भेट देतात.