चार महिन्यांत दुसरी बॅटरी बसली, बाईक चार्जच होत नाहीये. दोष कुठे शोधू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईने हवी आहे.

गाडी १५० सीसी, बीएस६, फ्युएल इंजेक्शनची, किक नाही. राहायला भांडुपला. आमचं हारफुलांचं छोटं दुकान आहे, त्यामुळे रोज पहाटे चारला दादरच्या फूलबाजारात जातो. परवा झेंडूची पोती मागे बांधली, सेल मारला तर नुसतं टिक-टिक-टिक, मीटरचे दिवेही मंद होत विझले. एका हमालदादाने धक्का दिला, दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडून पाहिला, गाडी दाद देईना. बॅटरी इतकी उतरली होती की पेट्रोलचा पंपच चालत नव्हता. शेवटी टॅक्सीने माल आणला, दिवसाची कमाई भाड्यात गेली.

जुलैअखेर हेच झालं होतं, तेव्हा गॅरेजवाल्याने बॅटरी बदलली. आता म्हणतो हीपण बाद, नवीन टाका. मला पटत नाही. बॅटरी भरतच नसेल तर तिसरीही बसणारच ना?

म्हणून मल्टिमीटर आणला. रात्रभर चार्जरला लावून काढली तेव्हा १२.७ व्होल्ट. गाडी चालू करून आयडलला १२.३, रेस करून ५००० आरपीएमला नेली तरी १२.४. तिथे १४ च्या आसपास हवं असं वाचलंय. हेडलाइट बंद करायची सोय नाही (२०१७ पासून नव्या दुचाकींना दिवा कायम चालूच), आणि येताना एलबीएस रोडच्या ट्रॅफिकमध्ये गाडी रांगत असते हे खरं. पण ५००० लाही आकडा हलत नाही म्हणजे ट्रॅफिकला बोल लावता येत नाही.

इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल गेली की आरआर युनिट (त्या एसीचा डीसी करून बॅटरीला देणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर)? अंदाजाने एकेक बदलत बसणं परवडणारं नाही.

प्रतिसाद:
दादा, अजून काहीच विकत घेऊ नका. इंजिनातून तीन वायरी (बहुतेक गाड्यांत पिवळ्या) कपलरला (वायरी जोडायच्या प्लगला) येतात. गाडी बंद करून तो सोडा. त्यातली एकही वायर इंजिनच्या बॉडीशी कंटिन्युइटी (म्हणजे जोडलेली असल्याचं) दाखवत असेल तर कॉइल गेली. नसेल तर मीटर एसीवर ठेवा, गाडी चालू करा आणि दोन-दोन वायरींत मोजा. तिन्ही जोड्यांचे आकडे सारखे हवेत आणि रेसबरोबर चढायला हवेत, ५००० ला पन्नासच्या वर. शॉक लागण्याइतका एसी असतो, हात कोरडे ठेवा.

कॉइल चांगली निघाली तर कपलर जोडून आरआरच्या तोंडाशीच डीसी मोजा, मग बॅटरीवर. दोन्हींत फरक आला तर दोष वायरिंगमध्ये. आणि चालू गाडीत बॅटरीची वायर काढून बघू नका, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जाईल.

धागाकर्ता:
मोजलं. तिन्ही जोड्या ५६-५७, बॉडीशी काही नाही. आरआरच्या तोंडाशी १४.२ आणि बॅटरीवर १२.४! मधले १.८ व्होल्ट शोधायला सीट काढून लाल वायर बोटाने चाचपत गेलो. सीटखाली एक पांढरा कपलर आहे, तो एका कोपऱ्यात चहासारखा तपकिरी झालेला. उघडला तर पिनेवर हिरवी पूड आणि प्लॅस्टिक वितळून पिनेला चिकटलेलं. जुलैच्या सुरुवातीला गांधी मार्केटजवळ गुडघाभर पाण्यातून गाडी काढली होती, पाणी तेव्हाच आत गेलं असणार. पिन गंजली, करंट अडला, तापून प्लॅस्टिक वितळलं आणि बॅटरी बिचारी उपाशी राहिली.

वायरमनकडून नवीन कपलर लावून घेतला, पिना सोल्डर केल्या, वर स्लीव्ह. आता ५००० ला बॅटरीवर १४.१. पण ही बॅटरी एकदा पूर्ण उतरलीये. ठेवू का बदलू?

प्रतिसाद:
पूर्ण चार्ज करा, वायर काढून रात्रभर ठेवा. सकाळी १२.६ च्या आसपास टिकली आणि सेल मारताना १० च्या खाली गेली नाही, तर ठेवा.

धागाकर्ता:
दादा, सकाळी १२.६. सेल मारताना १०.७. मनापासून आभार. पोती बांधायची दोरी घेतली, दादरला निघतोय.