ऑफर स्वीकारायची आणि जॉइनिंगच्या दिवशी फोन बंद ठेवायचा: हे कुठवर चालवून घ्यायचं?

बाणेरची_एचआर
बाणेरमधल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी एचआर बघते. आम्ही सगळे मिळून दीडशेच्या आत. गेल्या महिन्यात एका सीनियर डेव्हलपरची जॉइनिंग होती. त्याच्या जुन्या कंपनीतल्या नोटीस पिरियडचे ९० दिवस थांबलो. दर पंधरवड्याला माझा फोन, आणि त्याचं ठरलेलं उत्तर, "हो मॅडम, राजीनामा स्वीकारलाय, केटी चालू आहे." केटी म्हणजे आपलं काम दुसऱ्याला समजावून देणं. लॉगिन तयार, आयकार्ड छापलेलं, टीम लीडने पहिल्या आठवड्याचं काम लिहून ठेवलेलं. सोमवारी साडेनऊला येणार होता. अकरा वाजले तरी पत्ता नाही, फोन बंद. पावणेबाराला व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळी: घरी मेडिकल इमर्जन्सी, जॉइन होता येणार नाही, सॉरी. पुढच्या आठवड्यात लिंक्डइनवर स्वारी खराडीतल्या कंपनीच्या वेलकम किटसकट हजर. बाटली, डायरी, हुडी.

मोठ्या कंपन्यांकडे बेंच, म्हणजे प्रोजेक्टविना राखून ठेवलेली माणसं, असतो, आमच्याकडे नाही. त्या एका माणसाच्या भरवशावर क्लायंटला तारीख दिलेली असते. माणूस शोधून देणाऱ्या कन्सल्टंटची वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के फी जॉइनिंगनंतरच द्यायची असल्याने ती वाचते, पण ज्या तिघांना आम्ही नाही म्हटलं ते तोवर दुसरीकडे लागलेले असतात. आता आमचे एक डायरेक्टर म्हणतात, एका जागेला दोन ऑफर द्या. उद्या दोघंही आले तर एकाला परत पाठवायचं काम कोणाचं? माझंच.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. साखरपुडा एकाशी करून मांडवात दुसरीकडे उभं राहणाऱ्याला आपण "मार्केट आहे, चालायचंच" म्हणून सोडून देतो, ते बंद झालं पाहिजे. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनवाल्यांनी अशा नो-शोची, म्हणजे ठरल्या दिवशी न येणाऱ्यांची, नोंद ठेवावी आणि कंपन्यांनी एकमेकींना नावं कळवावीत. एकदा दोन-चार जणांचं अडलं की बाकीचे आपोआप सरळ येतील. नोटीस पिरियडची सबब देणाऱ्यांनी आधी हे सांगावं, की ९० दिवसांत एक खरा फोन करायला किती वेळ लागतो?

फेज_थ्री
मॅडम, सबब नाही, मूळ तेच आहे. तीन महिने म्हणजे एक अख्खी तिमाही. तेवढ्यात तुमचाच प्रोजेक्ट रद्द होऊ शकतो. तुमच्या ऑफर लेटरचं शेवटचं पान काढा, "कंपनी कोणतंही कारण न देता ही ऑफर मागे घेऊ शकते" असं वाक्य सापडेल. २०२२-२३ मध्ये फ्रेशर पोरांना ऑफर हातात देऊन महिनोन् महिने जॉइनिंगची तारीख दिली नव्हती. घरमालकाला डिपॉझिट देऊन वाकडमध्ये बसलेली मुलं होती ती. तेव्हा कोणी कंपन्यांच्या नावांची यादी फिरवली?

जुनी नोकरी सोडलेली, नवी कागदावर. अशा वेळी माणूस दुसरी ऑफर हातात ठेवणारच.

खवचट_कर्वेनगर
साखरपुड्याला मुलाकडचे "तारीख आमच्या सोयीने, मोडायचा हक्कही आमचाच" असं लिहून घेतात का हो?

भोसरी_एमआयडीसी
तुमच्या ९० दिवसांचा हेवा वाटतो राव. आमच्याकडे पगार सात तारखेला होतो आणि दहाला व्हीएमसी मशीन लावून देणारा सेटर गायब. जिगमध्ये जॉब, म्हणजे घडवायचा भाग, लावलेला तसाच, प्रोग्रॅम त्याच्या डोक्यात. फोन केला की "साहेब, चाकणला लागलो, दोन हजार जास्त आहेत." बाहेरून माणूस आणून मशीन चालू करेपर्यंत दोन शिफ्ट जातात आणि वर मोठ्या कंपनीचा खरेदीवाला डिलिव्हरीवरून शिव्या घालतो तो वेगळाच. लहान उद्योगाचं दुखणं तुम्हा पगारदारांना कळायचं नाही. बाणेरच्या ताईंना माझं पूर्ण अनुमोदन, यादी कराच.

फेज_थ्री
मग दोन हजार वाढवा की दादा. दोन शिफ्ट बंद पडण्यापेक्षा स्वस्त पडेल.

भोसरी_एमआयडीसी
आमचं बिल साठ दिवसांनी निघतं, तेही फोन करकरून. या, एक महिना चालवून दाखवा.

निवृत्त_पर्सोनेल
पिंपरीच्या कारखान्यात आयुष्य गेलं, तेव्हा एचआरला पर्सोनेल म्हणत. थोडी माहिती देतो. हे ९० दिवस कोणत्याही कायद्यातून आलेले नाहीत. १९४६ च्या जुन्या स्टँडिंग ऑर्डर्स कायद्याखालच्या नमुना नियमांत मासिक पगाराच्या कामगाराला नोटीस एक महिन्याची होती. तीन महिने हा आयटीवाल्यांनी करारात घातलेला आकडा. क्लायंटकडून माणसाच्या तासांचे पैसे मिळतात, बदली माणूस तयार होईपर्यंत जुना हलू द्यायचा नाही, एवढाच हिशेब. मग एकाने ९० केले म्हणून दुसऱ्याने केले, कारण आपला माणूस तीस दिवसांत सुटणार आणि त्यांचा तीन महिन्यांनी येणार, हे कोणालाच परवडेना.

म्हणजे बाणेरच्या बाई ज्या ९० दिवसांनी बेजार आहेत, ते त्यांच्याच जातभाईंनी घातलेत. त्यांच्या स्वतःच्या कंपनीत किती आहेत, हे त्यांनी लिहिलेलं नाही.

मात्र तरुणांनीही "सही केली म्हणून काय झालं" या भ्रमात राहू नये. नोकरी कर असा हुकूम कोर्ट देत नाही हे खरं, पण भरपाई लागू शकते. एका सरकारी बँकेने तीन वर्षांच्या आत सोडणाऱ्याला दोन लाखांची अट घातली होती. सुप्रीम कोर्टाने ती २०२५ च्या मे महिन्यात वैध ठरवली.

पिंपळे_सौदागर
काकांनी बरोबर नस पकडली. नोटीसमधले तीन महिने आतून कसे असतात ते मी सांगते. पहिले काही आठवडे केटी. मग क्लायंटचा अ‍ॅक्सेस काढून घेतला. त्यानंतर रोज हिंजवडीला जायचं, स्वाइप करायचं, काम शून्य. टीमच्या रोजच्या स्टँडअप मीटिंगला बोलावत नाहीत, कॅन्टीनमध्ये मॅनेजर समोर आला की चहाकडे बघतो. बायआउट मागितला, उरलेल्या दिवसांचे पैसे भरते म्हटलं, तर "पॉलिसीत बसत नाही". अ‍ॅक्सेस नसलेल्या बाईला थांबवून कोणाचं काय अडत होतं?

बाहेर पडल्यावर रिलीव्हिंग लेटर अडवलं, कारण म्हणे आयटी अ‍ॅसेटचा फॉर्म बाकी. लॅपटॉप तर मी सही घेऊन दिला होता. पीएफवर एक्झिट डेट टाकेनात. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती आपली आपल्याला टाकता येते, पीएफच्या यूएएन पोर्टलवरून, हे कळल्यावर मीच टाकली. ज्यांचं अडलंय त्यांनी हे लक्षात ठेवा. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू आहे, राजीनाम्यानंतरही बाकी पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा आहे. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटच्या हिशेबाला, ४५ दिवस लागतात असं ऐकवणाऱ्यांना हे कलम १७ दाखवा.

बाणेरची_एचआर
काका, आमच्याकडे ६० आहेत, दोन्ही बाजूंनी. ३० करा म्हणून मी लिहून दिलंय. "सगळे करतील तेव्हा बघू" हे उत्तर आलं.

पिंपळे सौदागर, तुमच्याबरोबर झालं ते चूकच, आणि ते करणारी एचआर असेल तर तिची मला लाज वाटते. पण त्याचा वचपा माझ्या कंपनीवर का? तुम्हाला छळणारी कंपनी हजारोंची आहे, तिला कोणी नो-शो केला तर ओरखडाही उठत नाही. मार बसतो तो आम्हाला आणि भोसरीच्या दादांना. यादीवर मी ठाम आहे.

फेज_थ्री
यादीचा विचार सोडाच. मुलाखतीसाठी दिलेली माहिती तुम्ही माझ्या संमतीशिवाय दुसऱ्या कंपनीला कशी देणार? व्यक्तिगत डेटाचा कायदा २०२३ ला झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पूर्ण अंमल सुरू झाला की ही यादी तुमच्याच गळ्यात येईल. आणि नाव चुकून पडलं तर ते काढायला त्याने कोणाकडे जायचं?

दोन_ऑफरवाला
मी नो-शो केलाय आणि वेळ आली तर परत करीन. फोन का बंद ठेवतात ते ऐका. त्याआधीच्या वेळी मी शहाण्यासारखं दहा दिवस आधी खरं सांगितलं होतं. त्या एचआरने दिवसभर फोन केले, मग त्यांच्या टीम लीडने, मग कन्सल्टंटने. "तुला पुण्यात नोकरी मिळू देणार नाही" हेही झालं. संध्याकाळी गावाकडून वडिलांचा फोन, "काय भानगड केलीस?" फॉर्मवर इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून दिलेला नंबर त्यांनी फिरवला होता. खरं बोलण्याचं हे बक्षीस. तेव्हापासून मेडिकल इमर्जन्सी.

पिंपळे_सौदागर
वडिलांना फोन? धन्य आहे.

भोसरी_एमआयडीसी
वडिलांना फोन आम्हीही करतो. खोटं कशाला बोलू. कधी कधी पोरगं परत येतं.

बाणेरची_एचआर
मी कोणाच्या घरी फोन केलेला नाही, करणारही नाही. मला कारण नको, माफी नको. आधीच्या शुक्रवारपर्यंत एका ओळीचा मेल टाका, "येत नाही". तेवढ्यात दुसऱ्या उमेदवाराला मी फोन तरी करू शकते. जो कळवेल त्याचं नाव कुठेही जाणार नाही, हे लिहून द्यायला तयार आहे.

फेज_थ्री
कंपनीच्या लेटरहेडवर द्याल? ऑफर लेटरमध्येच घाला ते कलम, त्या शेवटच्या पानावरच्या वाक्याच्या खाली.

बाणेरची_एचआर
लीगलला विचारते. तुमच्या कंपनीच्या लीगललाही विचारा, वरचं वाक्य काढतील का.