मदत हवी आहे: गवताचे गठ्ठे निम्मेच आहेत, गाभण गायी हिवाळाभर माळावर निभावतील का?

माळावरची:

नेब्रास्कातल्या सँडहिल्समध्ये सासऱ्यांचं रँच आहे, तिथून लिहिते आहे. १८० गाभण गायी, बहुतेक काळ्या अँगस. गुरं मांसासाठीची आहेत. खावं की खाऊ नये हा वाद कृपया या धाग्यावर नको. इथे पशुवैद्य आहेत, चाऱ्यात काम करणारे आहेत, अमेरिकेत शेतीशी संबंध असलेलेही आहेत, म्हणून विचारते.

हा भाग म्हणजे वाळूच्या टेकड्या, जवळपास २०,००० चौरस मैल, आणि वर गवताचं पांघरूण. टेकड्यांच्या मधल्या ओलसर सखलातलं गवत जुलैत कापायचं, वाळवून गोल गठ्ठे बांधायचे आणि हिवाळाभर तेच घालायचं ही घरची रीत. यंदा पावसाने ओढ दिली. एरवी सव्वापाचशेच्या आसपास गठ्ठे होतात, यंदा २६० झाले. एक गठ्ठा साधारण १,२५० पौंडांचा. विकत घ्यावं तर आजूबाजूला सगळ्यांचीच ही गत, भाव विचारायची सोय नाही.

जमेची बाजू एकच. दोन हिवाळी कुरणं मिळून १,९०० एकर आहेत आणि जुलैपासून त्यांत जनावर घातलेलं नाही. गवत उभं आहे, पण वाळलेलं. चांगल्या वर्षी इथे एकरी अर्धा महिना एक जनावर (म्हणजे १,००० पौंडांची गाय) चरतं असा हिशोब धरतात, म्हणजे ९५० जनावर-महिने. यंदा मी ६०० धरते. आमच्या गायी १,२०० पौंडांच्या, त्यामुळे एक गाय म्हणजे सव्वा जनावर धरलं तरी पावणेतीन महिने निघतात. सध्या गायी कापणीनंतर फुटलेल्या गवतावर आहेत, ते डिसेंबरच्या मध्यापर्यंत पुरेल.

अडचण पुढे आहे. विण्याचा हंगाम १५ मार्चला सुरू होतो आणि माळ हिरवा व्हायला मेचा मध्य उजाडतो. त्या दोन महिन्यांत गायीमागे रोज ३० पौंड धरले तरी २५९ गठ्ठे लागतात. म्हणजे आहेत तेवढे सगळे तिथेच संपले. जानेवारीत बर्फाचं वादळ झालं तर घालायला एक गठ्ठासुद्धा उरत नाही.

सासऱ्यांचं म्हणणं, निम्म्या गायी आत्ताच विकाव्यात. त्यांच्या भीतीला आधार आहे. १९४९च्या जानेवारीत इथे अशी वादळं झाली की हवाईदलाने विमानांतून गुरांसाठी गवत टाकलं. त्यांच्या वडिलांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं आणि "गंजीतलं गवत हीच बँक" हे वाक्य या घरात तेव्हापासून आहे. त्यांनी चाळीस वर्षं ही जनावरं सांभाळली आहेत, त्यांचा शब्द मी हलक्यात घेत नाही. पण निम्मा कळप गेला तर दोन पिढ्यांत निवडून निवडून जमवलेलं रक्त गेलं. ते पुन्हा बाजारात मिळत नाही.

मी मूळची सोलापूरकडची. आमच्याकडे दुष्काळात नुसत्या कडब्यावर जनावर खंगायचं आणि ओंजळभर सरकी पेंड सुरू केली की तोच कडबा अंगी लागायचा. इथेही गायींना पेंडेच्या कांड्या देतात, त्यांना केक म्हणतात. तर माझे प्रश्न:

वाळलेल्या माळावर फक्त केकच्या जोरावर गाभण गाय मार्चपर्यंत अंग राखील का? किती द्यायचा, आणि रोज द्यायलाच हवा का? दुसऱ्या विताच्या गायी आत्ताच बारीक दिसतात, बॉडी स्कोअर (अंगावरच्या मांस-चरबीचा १ ते ९ मधला अंक) ४ च्या आसपास. केसांवरून कळत नाही, पण हात दाबला की बरगड्या लागतात. त्यांचं काय करू? आणि गवत किती खाऊ द्यायचं? इथे माळ उघडा पडला की वारा वाळू उपसतो आणि टेकडीला खड्डा पडतो, ब्लोआउट म्हणतात त्याला. एकदा पडला की भरून यायला वर्षानुवर्षं जातात. सासऱ्यांनी असे खड्डे कुंपण घालून, जुनं गवत पसरून पसरून बुजवलेत. ते काम मातीत जाऊ द्यायचं नाही.

---

पशुवैद्य७२:

ताई, तुमचा कडबा-पेंडेचा अनुभव इथे जसाच्या तसा लागू आहे. कोठीपोटातल्या जिवाणूंना प्रथिनं मिळाली नाहीत तर ते तंतुमय चारा पचवत नाहीत. चारा पोटात पडून राहतो, गाय खायची कमी होते, आणि पुढ्यात गवत असून उपाशी राहते.

हिशोब करू. १,२०० पौंडांची गाय असं निकृष्ट गवत दिवसाला २४ पौंडांच्या आसपास खाईल. त्यात प्रथिनं साडेपाच टक्के धरा, म्हणजे १.३ पौंड. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यात आठ टक्के लागतात, म्हणजे १.९. तूट ०.६ पौंडाची. ३० टक्के प्रथिनांचा केक असेल तर रोज २ पौंड. रोज घालायची गरज नाही, आठवड्याचे १४ पौंड तीन दिवसांत वाटून घाला, परिणाम तोच मिळतो. तीन दिवसांत एकदम जास्त पडल्याने दबलेल्या गायींनाही खायला मिळतं. मात्र प्रथिनं पेंडेतलीच हवीत. युरिया मिसळलेला स्वस्त केक अशा कमी वेळा देण्याच्या पद्धतीला आणि अशा गवताला चालत नाही, जास्त खाल्ला तर विषबाधा होते. दाणाही भरपूर घालू नका, त्याने गवताचं पचन उलट घटतं.

व्हिटमनजवळ नेब्रास्का विद्यापीठाची गुडमंडसन प्रयोगशाळा आहे. तुमच्याच माळावर, तुमच्याच गवतावर तिथे प्रयोग झालेत. हिवाळी माळावरच्या गाभण गायींना शेवटच्या तिमाहीत रोज पौंडभर ४२ टक्के प्रथिनांचा खुराक दिला, तर त्यांची वासरं दूध तोडताना वजनाला जास्त भरली. सासऱ्यांना हे जरूर दाखवा.

बारीक गायी आणि पहिलारू कालवडी वेगळ्या काढा, आजच. व्यायच्या वेळी मोठ्या गायीचा स्कोअर ५ आणि पहिलारूचा ६ हवा. एक अंक चढवायला ८० ते १०० पौंड वजन वाढावं लागतं. ते आता जमेल, फेब्रुवारीत जमणार नाही. आणि हो, वाळल्या गवतात अ जीवनसत्त्व उरत नाही, खनिज मिश्रण ते असलेलंच घ्या.

रोज शेण बघत जा. पो पसरट, मधे खळगा पडलेला असेल तर पोट चालू आहे. घट्ट, कड्याकड्यांचा, थरावर थर चढलेला पो दिसला की प्रथिनं कमी पडताहेत. अंग उतरल्याचं डोळ्यांना दिसायच्या कितीतरी आधी शेण सांगतं.

---

मक्याचा पट्टा:

मी प्लॅट नदीच्या खोऱ्यात मक्याच्या शेतांवर काम करतो. गवत वाचवायचं असेल तर कापणी झालेली मक्याची शेतं चराईला घ्या, इकडे सर्रास देतात. विद्यापीठाचा ढोबळ हिशोब असा: मक्याच्या एकरी उताऱ्याला, बुशेलमध्ये (एक बुशेल मका म्हणजे साधारण २५ किलो), ३.५ ने भागा, तेवढे दिवस १,२०० पौंडांची एक गाय एका एकरात चरते. १८० बुशेलचं शेत असेल तर ५१ दिवस. पानं आणि कणसावरची सालं खातात, धाटं राहू द्यायची.

घेण्याआधी शेतात स्वतः चालून बघा. वाऱ्याने पाडलेली कणसं फार असतील तर गायी आधी तीच शोधून खातात आणि पोटात आम्ल होऊन मरतात. पाण्याची सोय कोण करणार, कुंपण कोण घालणार हे लेखी ठरवा. बहुतेक ठिकाणी झटका मशीनची एक तार पुरते. ट्रकचं भाडं मात्र धरा, तुमच्यापासून लांब पडेल.

---

माणदेशी:

ताई, बर्फ आम्ही पाहिला नाही, पण चाराटंचाई दर दोन-तीन वर्षांनी पाहतो. २०१९ला इकडे छावणीत जनावरं होती. एक शिकलो: टंचाईत कळप सारखा कमी करायचा नसतो, तोंड बघून कमी करायचा. दात झिजलेली गाय वाळला चारा चावू शकत नाही, तिला कितीही पेंड घाला. ती आधी काढा. निम्मा कळप विकायची वेळ तेव्हा येत नाही.

---

माळावरची:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो, सासरे, नवरा आणि मी.

माणदेशी, तुमचा मुद्दा सासऱ्यांना ताबडतोब पटला. दात गेलेल्या आणि सडांचा त्रास असलेल्या वीस गायी काढल्या तर १६० उरतात. मग विण्याच्या दोन महिन्यांना २३० गठ्ठे लागतात आणि ३० शिल्लक राहतात, म्हणजे वादळासाठी आठ दिवसांची तरतूद. माळही मार्चच्या मध्यापर्यंत जेमतेम पुरतो. सासरे म्हणाले, आठ दिवस थोडे आहेत, पण शून्य नाहीत. मक्याचं एखादं शेत मिळालं तर बारीक गायी सोडून बाकीच्या महिनाभर तिकडे पाठवू. तेवढं गवत माळावरच उभं राहील, आणि निम्मं खाऊ द्यायचं, निम्मं राखायचं हा नियम मोडावा लागणार नाही.

पुढच्या वर्षी वळू जूनऐवजी ऑगस्टच्या सुरुवातीला सोडायचे असंही मी सुचवलं. गाभणकाळ २८३ दिवसांचा, म्हणजे गायी मेच्या मध्याला व्यायला लागतील. दूध उतरायची वेळ आणि हिरव्या गवताची वेळ एक होईल. वासरं लहान भरतील म्हणून सासरे अजून तयार नाहीत. त्यांना विचार करायला वेळ हवा आहे आणि तो द्यायलाच हवा.

पशुवैद्य७२, अजून दोन शंका. कोरड्या, दाट केसांच्या गायीला १८ अंश फॅरनहाइटखाली थंडी बाधते, पण अंग भिजलं तर ५९ अंशांपासूनच, असं वाचलं. त्याखालच्या प्रत्येक अंशाला एक टक्का जास्त ऊर्जा. म्हणजे शून्य अंशांतली कोरडी थंडी १८ टक्के मागते आणि ३२ अंशांतला ओला बर्फ २७ टक्के. मग ते ३० गठ्ठे कडाक्याच्या थंडीसाठी न ठेवता भिजवणाऱ्या वादळासाठी आणि बर्फावर कडक पापुद्रा धरतो त्या दिवसांसाठी राखावेत ना? दुसरी शंका, वादळाच्या आदल्या दिवशी गवत घालावं की वादळ सुरू झाल्यावर?

आणि बाजार माहीत असलेल्यांना: काढायच्या गायींना नोव्हेंबरात भाव पडलेला असतो, वसंतात चढतो. पण तोवर सांभाळायच्या तर त्या वीस तोंडांना तेच गवत लागणार. गुरुवारी दात बघायला गायी आत घेतोय, त्याआधी कोणी अनुभव सांगितला तर फार मदत होईल.