सासऱ्यांच्या तीन ट्रंका, अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचे कागद : स्कॅनिंगची सुरुवात कुठून करू?

करंजे_सातारा

नमस्कार मंडळी. माझे सासरे (आम्ही त्यांना मामा म्हणायचो) एसटी डेपोत क्लार्क होते. दिवाळीनंतर ते गेले. त्यांच्या खाटेखाली तीन पत्र्याच्या ट्रंका असायच्या, त्यांना हात लावायची आमची कधी हिंमत झाली नाही. आता उघडल्या.

पहिलीत कात्रणांच्या वह्या आहेत, १९५६ पासूनच्या. सगळी कात्रणं अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या लढ्याची : लिटल रॉकची शाळा, सेल्माचे मोर्चे, मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून. माँटगोमेरी शहरातल्या काळ्यांनी बसवर टाकलेल्या बहिष्काराच्या कात्रणाखाली मामांनी पेन्सिलीने ३८१ दिवस असं लिहून पुढे हिशोब मांडलाय. आपल्या डेपोच्या गाड्या इतके दिवस रिकाम्या धावल्या तर किती तिकिटं बुडतील! शेजारी एवढंच : 'चवदार तळे १९२७.' मी ते पान पाहून बराच वेळ नुसती बसून होते.

दुसरीत दलित पँथरच्या काळातली सायक्लोस्टाइल पत्रकं आणि लँगस्टन ह्यूज या काळ्या अमेरिकन कवीच्या कवितांचे मामांनी स्वतः केलेले अनुवाद, दोन वह्या भरून. तिसरीत ४३ पत्रं, नावं नसलेले फोटो आणि २६ कॅसेटी. मामा रविवारी सायकलवरून गावोगाव जाऊन म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे, त्या या कॅसेटी.

घरचे म्हणतात, मोबाइलवर फोटो काढ आणि बाकीचं आवर. शहरातल्या एका दुकानात नमुन्याला दहा पानं दिली तर दोन फाटून आली, तेव्हापासून मला कुणाच्या हातात द्यायची भीती वाटते. वह्या खळीने चिकटवलेल्या आहेत, कसर लागलीय. पावसाळ्याच्या आत काहीतरी करायचंय.

कुठून सुरू करू? आणि एक अडचण मनाला टोचतेय. मामांनी सगळीकडे 'निग्रो' लिहिलंय. यादी करताना मी काय लिहू?

कृष्णाकाठ (सांगली)

ताई, ग्रंथालयात माझी वीस वर्षं गेली, म्हणून स्पष्टच सांगतो. स्कॅनर अजून दोन महिने नको. आधी मोजणी आणि यादी. कागद ज्या क्रमाने निघाले तो क्रम मोडू नका; मामांनी काय कशाशेजारी ठेवलं, हीसुद्धा माहितीच आहे. तो तिकिटांचा हिशोब कात्रणापासून वेगळा झाला तर उरेल काय? प्रत्येक वहीला, पाकिटाला क्रमांक द्या. क्रमांक मऊ पेन्सिलीने, तोही पाकिटावर. फोटोच्या पाठीवर बॉलपेन अजिबात नको. टाचण्या, स्टेपल पिना हळूच काढा. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, लागलेली असेल तर ओढू नका. डांबरगोळ्या कागदाला खेटून ठेवू नयेत.

कागदाच्या आधी कॅसेटी! कागद अजून काही वर्षं तग धरेल, टेपवरचा चुंबकीय थर धरेलच असं नाही, आणि चालू स्थितीतले कॅसेट डेक दरवर्षी कमी होताहेत. कॅसेटीच्या पाठच्या कडेला दोन छोट्या प्लॅस्टिकच्या चकत्या असतात, त्या आजच मोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी आवाज पुसणार नाही. आवाज वेव्ह फाइलमध्ये घ्या, ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट. तासाला सुमारे २ जीबी लागतात. एमपी३ ऐकण्यापुरती.

कागद सपाट काचेच्या स्कॅनरवर किंवा वरून कॅमेरा लावून. आपोआप पान ओढणारं यंत्र नको, तुमची दोन पानं त्यातच गेली असणार. ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, मूळ प्रत टिफ फाइलमध्ये. ए-फोरचं एक पान सुमारे ४६ एमबी होतं, म्हणजे ६००० पानं धरली तर पावणेतीनशे जीबी. एक टेराबाइटची डिस्क पुरते, पण घ्या दोन. एक घरात, दुसरी दुसऱ्या गावात, शिवाय क्लाउडवर एक प्रत.

दुसरं गाव का, ते सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या वडिलांची कागदपत्रं मी नीट लावून, क्रमांक देऊन, स्कॅन करून ठेवली होती. कागद, कॉम्प्युटर, डिस्क सगळं एकाच खोलीत. चार दिवसांनी चिखलातून काढलं ते फक्त कपाट.

वकील_कराड

तांत्रिक बाजू वर आलीच आहे. हक्कांबद्दल लिहितो, कारण ते लोक शेवटी बघतात आणि तिथेच काम अडतं.

स्कॅन करून जपणं आणि इंटरनेटवर टाकणं यांचा निर्णय वेगवेगळा घ्या. पत्राचा कागद तुमचा असला तरी मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात. ह्यूज १९६७ साली गेले, म्हणजे त्यांच्या कवितांचे हक्क इथे २०२७ संपेपर्यंत आहेत. मामांचे अनुवाद आत्ता जपा, यादीत घ्या, पण पानं लगेच उघडी करू नका. मामांच्या टिपणांचे हक्क वारसांकडे येतात, तेव्हा सगळ्या भावंडांच्या सह्या एका साध्या संमतिपत्रावर घेऊन टाका. आज सगळे एकत्र आहेत तोवर हे सोपं आहे.

कॅसेटींबाबत माझं मत कडक आहे. त्या माणसांनी बहिष्कार, मारहाण, पाणवठा याबद्दल गावाची आणि माणसांची नावं घेऊन सांगितलं असणार. ते मामांना सांगितलं होतं, जगाला नाही. त्यांची मुलं-नातवंडं त्याच गावात राहतात. एकेका घरी जा, कॅसेट ऐकवा, मग विचारा. नाही म्हणाले तर ती बंद ठेवा.

नागसेनवन

ताई, शब्दाबद्दल लिहिते, कारण मला तोच प्रश्न सगळ्यांत मोठा वाटतो.

मामांचा शब्द मामांचाच ठेवा. वहीचं नाव त्यांनी दिलंय तसंच, अवतरणात. खाली वर्णनात आजचा शब्द : कृष्णवर्णीय अमेरिकन किंवा आफ्रिकन अमेरिकन. दोन्ही नोंदले की आजच्या शब्दाने शोधणाऱ्यालाही वही सापडते आणि जुना कागद खोटा ठरत नाही. त्या काळात 'निग्रो' हा शब्द तिथले लोक स्वतःसाठी मानाने वापरत. इंग्रजीत त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल छापावं म्हणून काळ्यांचे विचारवंत नेते ड्यू बॉइस यांच्यासारखे लोक वर्षानुवर्षं भांडले, न्यूयॉर्क टाइम्सने ते १९३० मध्ये मान्य केलं. किंग यांच्या १९६३ च्या वॉशिंग्टनच्या भाषणातही तोच शब्द आहे. मामा त्यांचीच भाषा वाचत होते. आपल्याकडच्या पत्रकांतल्या 'अस्पृश्य', 'हरिजन' या शब्दांनाही हाच नियम लावा. मूळ पुसायचं नाही, आणि आपल्या लेखणीतून पुन्हा तेच म्हणायचंही नाही.

ड्यू बॉइस यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या ग्रंथालयात आहेत, स्कॅन करून सगळ्यांना खुले केलेले. त्यात बाबासाहेबांचं पत्र आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागितली होती. उत्तर ३१ जुलै १९४६ चं आहे, पण बाबासाहेबांच्या पत्राची तारीख त्या ग्रंथालयाने 'जुलै १९४६ च्या सुमारास' अशी नोंदवलीय. तुमच्या बिनतारखेच्या फोटोंना हीच पद्धत वापरा. अंदाज असेल तर अंदाज म्हणून लिहा, आणि कशावरून बांधला तेही.

सायक्लोस्टाइलवरचं हाताने कोरलेलं मराठी कॉम्प्युटरला धड वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक पत्रकाची गाव, तालुका, तारीख, नावं तुम्हालाच टाइप करावी लागतील. कंटाळवाणं आहे, पण पुढे कुणाला काही सापडेल ते त्यामुळेच.

आणि कृपा करून 'परदेशी विषय' असा वेगळा गठ्ठा करू नका. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्यांचं मूळ गाव कटगुण तुमच्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं. मामांच्या वह्या त्याच धाग्यात बसतात. न्यूयॉर्कचे आर्तुरो शोंबर्गही बँकेत नोकरी करून आयुष्यभर काळ्यांच्या इतिहासाचे कागद गोळा करत राहिले. तो संग्रह १९२६ मध्ये १०,००० डॉलरला घेऊन तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाने हार्लेममध्ये ठेवला, ज्यांचा होता त्यांच्याच वस्तीत. तुमच्या स्कॅनचा एक संच करंजेच्या किंवा तुमच्या वस्तीतल्या वाचनालयात राहू दे.

करंजे_सातारा

दादा, वकीलसाहेब, ताई, तिघांनाही मनापासून धन्यवाद. काल रात्री कॅसेटींच्या चकत्या मोडल्या. सव्वीसपैकी एकोणीस कॅसेटींवर गावाचं नाव आहे, सातांवर फक्त माणसांची. ती माणसं कोण ते आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, विचारलं. त्यांनी पाच ओळखली आणि त्यातल्या एकीला आपण खिचडी करून वाढल्याचंही सांगितलं. ते सगळं लिहून घेतलंय, सांगणाऱ्याच्या रकान्यात त्यांचं नाव टाकून.

नणंद आणि दीर येत्या रविवारी सह्या करायला येताहेत. दुसरी डिस्क नणंदेकडे फलटणला जाईल.

आता एकच हवंय. सातारा-कराड भागात कुणाकडे चालू, हेड साफ असलेला चांगला डेक आहे का? कॅसेटी कुरिअरने पाठवणार नाही, मी स्वतः घेऊन येईन आणि रेकॉर्डिंग संपेपर्यंत शेजारी बसेन.